पहाटे साडेचारचं पाणी

भाद्रपदात चार-सहा दिवस आभाळ गच्च राहिलं, वारा पडला आणि एका सकाळी तलावात मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले, की गावात पहिला संशय जातो तो विष टाकणाऱ्यावर. कोणाचं कोणाशी बिनसलं होतं, मासेमारीच्या ठेक्यात कोण मागे पडलं होतं, सगळं उकरून निघतं. क्वचित ते खरंही असतं. पण भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर अशा सकाळी पाहिल्यापासून मी आधी एकच विचारते : मेलं कोण? रोहू, कतला, मृगळ मेलेत आणि मरळ, शिंगी, मागूर ठणठणीत आहेत, असं असेल तर विषाच्या आधी प्राणवायूचा तपास करावा. मरळ आणि मागूर पाण्यावर तोंड काढून हवेतला श्वास घेऊ शकतात. रोहू-कतल्याला ती सोय नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू रात्रभर संपत गेला, की पहाटे त्यांचा जीव जातो.

दिवसा ऊन असेपर्यंत शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री तेच शेवाळ, मासे, किडे, तळाच्या चिखलातले जिवाणू असे सगळे मिळून तो वापरतात. आभाळ असलं की दिवसाची कमाई घटते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. त्यात पाणी कोमट असलं तर प्राणवायू मुळातच कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. तो दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की कतला पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. सूर्य उगवण्याच्या थोडं आधी ही पातळी सगळ्यांत खाली असते.

मी तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. माहेर धानाच्या पट्ट्यातलं, तलावाच्या खालच्या बांध्यांचं, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांचं. त्यामुळे विद्यापीठातून कोणी पाणी तपासायला आलं, की वाट दाखवायला, डोंगा मिळवून द्यायला, गावकऱ्यांशी ओळख करून द्यायला मला बोलावतात आणि मीही आनंदानं जाते. गेल्या काही वर्षांत अशी बरीच मुलं-मुली पाहिली. कोणी प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवर, पीएचडी करतं, कोणी शंख-शिंपल्यांवर, कोणी पाण्यातल्या फॉस्फेटवर. बहुतेकांचा दिवस सारखाच असतो. सकाळी शहरातून गाडी निघते, अकराच्या सुमाराला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोचते, बाटल्या भरल्या जातात, बर्फाच्या डब्यात ठेवल्या जातात आणि दुपारपर्यंत गाडी परतीला लागते. प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते, गाडीचं भाडं दिवसावर असतं, मुली असतील तर घरचे रात्री थांबू देत नाहीत. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यात त्या मुलांचा दोष नाही. पण त्यामुळे आमच्या तलावांबद्दल जे काही लिहिलं गेलंय, त्यातलं बरंचसं अकरा वाजताच्या पाण्याबद्दल आहे.

हे मला मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एका काकाजींनी दाखवून दिलं. नमुने घेऊन झाले होते, मुलं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. काकाजी जाळं वाळत घालता घालता म्हणाले, "तुमी लोकं येता अकरा वाजता. मासा मरते पहाटे. मंग कसं समजन जी तुमाले?"

त्या तुकडीतल्या एका मुलीनं ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेला ती आईला सोबत घेऊन आली आणि दोघी रात्रभर पाळीवरच्या देवळात राहिल्या. दर तीन तासांनी पाणी काढायचं, तेही दोन खोलींवरून. मीही होते. काकाजी डोंगा वल्हवायला आले आणि त्यांच्या घरच्या बायका चहा घेऊन आल्या त्या तिथेच बसल्या.

प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत 1888 सालची. लायोश विंकलर हे हंगेरीतले रसायनशास्त्रज्ञ. आता सुईसारखा सेन्सर पाण्यात बुडवला की आकडा दिसतो, पण तो महाग पडतो, आणि ती जुनी पद्धत गावात करून दाखवण्यासारखी दुसरी गोष्ट नाही. काचेच्या बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहणार नाही अशा बेतानं पाणी भरायचं. त्यात मँगनस सल्फेट आणि मग अल्कलाइन आयोडाइड सोडायचं. बूच लावून बाटली उलटसुलट केली की आत गढूळसा साका धरतो. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर तो साका दाट तपकिरी होतो, कमी असेल तर फिकट, आणि मुळीच नसेल तर पांढरा राहतो. पुढे आम्ल घालून, स्टार्चचे थेंब टाकून, थायोसल्फेटनं निळा रंग जाईपर्यंत टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं मोजणी, करायची, तेव्हा नेमका आकडा हाती येतो. पण गावाला आकड्याच्या आधी रंग कळला. दुपारी साडेचारची बाटली आणि पहाटे साडेचारची बाटली शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलीत गडद चहासारखा साका होता. दुसरीत जेमतेम पिवळट. काकाजींनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन कंदिलासमोर धरल्या, मग बायकांकडे दिल्या. एकीनं विचारलं, "हे रोजचंच हाय का औंदाचंच?"

त्या मुलीच्या जागी मी असते तर एवढ्या एका प्रश्नावर सगळा प्रबंध उभा केला असता. कारण उत्तर द्यायचं तर एक रात्र पुरत नाही. पौषातली रात्र हवी, वैशाखातली हवी, पहिल्या पुरानंतरची हवी, आणि तीच पुढच्या वर्षी पुन्हा.

आमचा हा मुलूख पाण्यानंच घडवलेला आहे. पूर्व विदर्भात पाऊस भरपूर पडतो, वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर, पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत ओतून मोकळा होतो. धानाला मात्र तो हवा तेव्हा हवा असतो. जंगल मोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचं धोरण चांद्याच्या गोंड राजांनी ठेवलं, अशी परंपरा सांगितली जाते. कोहळी समाजाची माणसं त्यात तरबेज होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावानं ओळखला जातो. बाकीचे बहुतेक लहान आहेत, त्याहून लहान त्या बोड्या. जमिनीचा उतार ओळखून एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरवलेला असतो, त्यामुळे वरच्या गावात काय घडतं ते खालच्या गावाच्या पाण्यात दिसतं.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव. त्यानंतर लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासे सहकारी संस्थेकडे, पाळीवरची झाडं आणखी कोणाकडे अशी वाटणी झाली. धानाला पाणी कधी सोडायचं आणि माशांसाठी किती राखायचं, हे पूर्वी एकाच बैठकीत ठरत असे. आता ते कोणत्याच एका बैठकीत ठरत नाही.

आणि इथे कायद्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पाणथळ जागांबद्दलचा रामसर करार 2 फेब्रुवारी 1971 चा. भारत त्यात 1982 मध्ये सामील झाला. आपल्याकडे पाणथळ जागांच्या संरक्षणाचे नियम 2010 मध्ये आले आणि 2017 मध्ये त्यांच्या जागी नवे आले. या नव्या नियमांतल्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातशेती आणि सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यपालनासाठी खास बांधलेले तलाव वगळले आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधले होते. म्हणजे तीनेकशे वर्षं ज्या पाण्यात कमळं उगवली, देवधान नावाचं रानटी धान आपोआप पिकलं, ज्याच्या काठाला आणि खालच्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी अंडी घालते, ते या व्याख्येत बसत नाही. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदियात, आणि त्याच्या आजूबाजूला थोडाफार. त्याला तलाव आणि बांधी या दोन वेगळ्या जागा नाहीत. नियमानं दोन्ही बाहेर ठेवल्या. मला ही व्याख्या मुळापासून चुकीची वाटते. अशा वेळी तलावाच्या बाजूनं उभं राहायला फक्त नोंदी उरतात : इथे काय जगतं, किती जगतं, कधीपासून जगतं. त्या नोंदी विद्यापीठांनी करायच्या नाहीत तर कोणी?

याउलट लोणार. ते विवर बुलढाण्यातलं, म्हणजे आमच्याच विदर्भातलं. 2020 च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं आणि देशभरच्या संस्थांनी नमुने नेले. पाणी आटून क्षार वाढले होते आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो रंग देत होते, हे लवकरच समजलं. त्याच वर्षी लोणार रामसर कराराच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. ते योग्यच झालं. पण पाणी रंग बदलेल तेव्हाच आपण धावणार असू, तर वर्षानुवर्षं हळूहळू हिरवी पडत जाणारी बोडी कोणाच्याच नजरेत येणार नाही.

ती हिरवी का पडते, याचं उत्तर मला उथळ तलावांच्या अभ्यासात सापडलं. आमचे तलाव खोल नाहीत. पाणी नितळ असेल तर ऊन तळापर्यंत पोचतं. अशा तलावाला दोन स्थिती असतात, हे 1990 च्या दशकात नेदरलँडमधल्या मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडलं. एका स्थितीत तळाला हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा वनस्पती दाट असतात. त्या चिखल धरून ठेवतात, पाण्यातलं खत शोषतात, आणि शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांना लपायला जागा देतात. म्हणून पाणी नितळ राहतं आणि नितळ राहिलं म्हणून वनस्पती जगतात. दुसऱ्या स्थितीत वनस्पती गेलेल्या असतात, वाऱ्यानं गाळ ढवळला जातो, शेवाळ माजतं, ऊन खाली पोचत नाही, म्हणून वनस्पती परत उगवत नाहीत. दोन्ही स्थिती स्वतःला टिकवून धरतात. एकीतून दुसरीत जायला एखादा जोराचा धक्का पुरतो, परत यायला मात्र फार कष्ट पडतात.

तो धक्का आमच्याकडे कुठून आला, हे काठावर बसून बघता येतं. वरच्या बांध्यांतला युरिया आणि स्फुरद पावसाबरोबर उतरतो. काठाला बेशरम नावाचं झुडूप वाढलं आहे आणि ते पाण्यात पुढे पुढे सरकतं. गाळ काढताना यंत्र तळ खरवडून नेतं, त्याबरोबर वनस्पतींचे कंद आणि बीजही जातं. आणि उत्पन्न वाढावं म्हणून तलावात गवत्या आणि सायप्रिनस हे बाहेरचे मासे सोडले जातात. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून खातो. त्या वनस्पतींच्या आधारानं अंडी घालणारे स्थानिक मासे मग कमी होत जातात.

ढिवरांना हे सगळं ठाऊक होतं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं विचारलं. कोणत्या तलावात पूर्वी कोणती वनस्पती होती, कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो, याची माहिती ढिवरांकडून गोळा केली. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि दुसऱ्या तलावातून आणलेल्या वनस्पती बायकांनी धानाचा रोवणा करावा तशा हातानं लावल्या. स्थानिक मासे परतले, पक्षी परतले. डच शास्त्रज्ञांचं गणित आणि ढिवर बायकांचे हात एकाच निष्कर्षाला पोचले होते. यात मला विज्ञानाचा कमीपणा दिसत नाही. उलट दोन वेगळ्या वाटांनी तीच गोष्ट हाती लागली, म्हणून तिच्यावरचा माझा विश्वास वाढला.

नाल्यांबद्दल मात्र आपण फार मागे आहोत. तलाव निदान दिसतो, त्याला मालक आहे, लिलाव आहे. जंगलातून येणारा नाला म्हणजे पाणी वाहून नेणारी चर, इतकीच त्याची किंमत धरली जाते. विद्यार्थ्यांना मी मुद्दाम तिथे नेते. एकानं पाण्यात पायानं दगड हलवायचे, दुसऱ्यानं प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची. जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली की चतुराची बाळं चालू लागतात, मेफ्लायच्या तीन शेपट्यांच्या अळ्या वळवळतात, आणि वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे चिकटवून केलेल्या नळकांडीतून कॅडिसफ्लायची अळी डोकं बाहेर काढते. या अळ्या असतील तर पाण्यात प्राणवायू बरा आहे असं समजावं. त्या नाहीशा होऊन फक्त लाल अळ्या उरल्या, तर पाणी बिघडलंय. लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी प्राणवायूत तग धरतात. या परीक्षेला ना वीज लागते ना रसायन, आणि एका वेळच्या बाटलीपेक्षा ती जास्त सांगते, कारण अळ्या त्या पाण्यात आठवडे-महिने राहिलेल्या असतात.

झाडांच्या सावलीतल्या ओढ्यात अन्नाचा पाया म्हणजे गळलेलं पान. आधी त्यावर बुरशी चढते, मग किडे ते कुरतडतात, किड्यांवर मासे जगतात. 1980 साली अमेरिकन संशोधकांनी उगमापासून मुखापर्यंत हे सगळं कसं बदलत जातं याची मांडणी केली आणि तीच आजही शिकवली जाते. मीही शिकवते. पण ती मांडणी बारमाही वाहणाऱ्या नद्या पाहून झाली. आमच्या जंगलात पानगळ होते माघ-फाल्गुनात, नेमकी नाला आटत येतो तेव्हा. सागाची, मोहाची पानं कोरड्या पात्रात महिनोन् महिने साचून राहतात आणि मृगाच्या पहिल्या लोंढ्यात एका दिवसात वाहून जातात. उन्हाळाभर जे काही जिवंत राहतं ते डोहांमध्ये. पाऊस पडला की तिथूनच मासे चढणीला लागतात. म्हणून आमच्या नाल्याचा कारभार समजून घ्यायचा, तर बाहेरच्या मांडणीवर भिस्त ठेवून भागत नाही. कोरड्या पात्राचाही अभ्यास करावा लागेल, आणि चैत्र-वैशाखात पाणी नाही म्हणून नमुना नाही असं वहीत लिहून चालणार नाही.

आणि हे व्हायच्या आतच नाल्यांचं खोलीकरण होऊन जातंय. यंत्र उतरतं, वळणं सरळ होतात, दगड-गोटे काठावर येतात, डोह आणि उथळ धार यांतला फरक पुसला जातो. पाणी मुरवण्याचा हेतू चांगला आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याची गरज मी जवळून पाहिलेली आहे. पण खोदण्याआधी त्या नाल्यात कोणते डोह वैशाखापर्यंत टिकतात, एवढं तरी गावाला विचारून नकाशावर लिहावं आणि ते तुकडे सोडून द्यावेत. आता पश्चिमेला नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसेखुर्दच्या जलाशयात येतं, त्यावर अहवाल आहेत, सुनावण्या आहेत, लोकांच्या नजरेत तो प्रश्न आहे. जंगलातला लहान नाला सरळ झाला, तर त्याची फाईलसुद्धा उघडत नाही.

विद्यापीठांकडे माझं मागणं साधं आहे. प्रबंध इंग्रजीत लिहा, परीक्षकांना तो तसाच लागतो. पण ज्या तलावातून पाणी नेलं त्या गावाला मराठीत दोन पानं द्या. नमुन्याच्या जागेला 'स्टेशन 3' असं म्हणण्याबरोबर गावात तिला काय म्हणतात तेही लिहा, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्याला ती सापडेल. तारखेशेजारी वेळ लिहा आणि त्या दिवशी तुडुमाजवळ, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या दारापाशी, पाणी किती होतं ते लिहा. जुने प्रबंध ग्रंथालयांत पडून आहेत. त्यातले आकडे तलावाच्या नावानं एकत्र केले, तर कित्येक ठिकाणी मागच्या पिढीच्या पाण्याशी आजचं पाणी ताडून बघता येईल. एखाद्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला हा विषय द्यायला हरकत नाही.

पाळीवर रात्र काढलेली ती मुलगी दोन पानं घेऊन परत आली. मच्छीमार संस्थेच्या बैठकीत तिनं ती वाचून दाखवली, सोबत पांढरी तबकडी आणली होती. ही तबकडी इटलीतले आंजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये वापरली. दोरीला बांधून पाण्यात सोडायची, जिथे दिसेनाशी होईल तितकी पाण्याची पारदर्शकता. दोरीला गाठी मारल्या की कोणालाही मोजता येतं. काकाजींची बारावी झालेली नात दर पंधरवड्याला मोजायला तयार झाली. मग गवत्याचा विषय निघाला आणि वाद झाला. काही जण म्हणाले, गवत्या बंद केला तर यंदाचं उत्पन्न बुडेल, कर्ज कसं फेडायचं? ती मुलगी खरं तेच बोलली. म्हणाली, वनस्पती परत आल्या तरी फरक दिसायला काही वर्षं जातील, किती ते आत्ता सांगता येणार नाही, आणि मोजल्याशिवाय कधीच सांगता येणार नाही. बायकांपैकी एकीनं तोडगा काढला, तो सगळ्यांनी मानला. मोठ्या तलावात यंदा गवत्या सोडायचा नाही, काठाला वनस्पती लावायच्या. खालच्या बोडीत नेहमीसारखं मत्स्यबीज सोडायचं. आणि दोन्हींकडचं पाणी त्याच माणसांनी, त्याच दिवशी, त्याच वेळेला मोजायचं.